हा आनंद माझाच ना?

मला भीती वाटते ती चांगल्या दिवसांची.

उदास दिवस आता ओळखीचे झालेत. ते येतात, छातीवर बसतात, त्यांचा वेळ घेतात आणि जातात. पण एखाद्या सकाळी गजराच्या आधीच जाग येते, अंग हलकं वाटतं, खिडकीतला उजेड नेहमीपेक्षा लख्ख भासतो, एकामागून एक छान कल्पना सुचायला लागतात आणि तेवढ्यात काळजात धस्स होतं. ही नुसतीच प्रसन्न सकाळ आहे, की मी पुन्हा वर चढायला लागले?

इतरांना बरं वाटलं की बरं वाटतं. मला बरं वाटलं की मी आधी आठवून पाहते, रात्री डोळा कधी लागला, मधे जाग आली होती का, काल बोलताना समोरच्याचं वाक्य सारखं तोडत होते का. मला बायपोलर डिसऑर्डर आहे. निदान होऊन बरीच वर्षं झाली. गोळ्या चालू आहेत, नोकरी चालू आहे, संसार चालू आहे, लेक मोठी होते आहे. आजार स्वीकारणं आणि घरच्यांनी साथ देणं यांवर पुष्कळ बोललं जातं. मला मात्र या दोन्ही गोष्टी त्या सकाळच्या प्रश्नापाशीच उमगल्या, म्हणून तिथूनच सांगते.

‘मूड काय, आमचेही बदलतात,’ असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी आधी थोडं. बायपोलरमधला उन्माद, ज्याला आम्ही आपापसात ‘हाय’ म्हणतो, तो तासा-दोन तासांचा नसतो. डॉक्टर उन्माद म्हणतात तेव्हा तो निदान आठवडाभर, रोज, दिवसातला बहुतेक वेळ टिकलेला असतो, नाहीतर इतका तीव्र असतो की इस्पितळात दाखल करावं लागतं. झोप लागत नाही असं नाही, झोपेची गरजच उरत नाही. दोन-तीन तास पडलं की माणूस ताजातवाना. बोलणं थांबत नाही, एक विचार पुरा व्हायच्या आत दुसरा येऊन आदळतो, पैसा पाण्यासारखा जातो आणि आपल्याला काहीतरी विलक्षण गवसलंय अशी खात्री पटते. याचा सौम्य प्रकार म्हणजे हायपोमेनिया. तो चार दिवसांचाही असू शकतो. त्यात माणूस कामाला जातो, हसतो, हसवतो, दुप्पट काम उरकतो. त्यामुळे हा आजार असेल असं कुणाच्या मनातही येत नाही. दुसऱ्या टोकाला नैराश्य, किमान दोन आठवड्यांचं आणि बहुधा त्याहून कितीतरी लांबणारं. कधीकधी तर दोन्ही एकदम येतात. मन काळंकुट्ट आणि अंगात मात्र धावायची ताकद. ही मिश्र अवस्था फार धोक्याची, कारण जिवाचं बरंवाईट करायचा विचार आणि ते करायचं बळ तेव्हा एकत्र असतं. अशा वेळी ‘उद्या बघू’ म्हणायचं नसतं, माणसाला एकटं सोडायचं नसतं, त्याच घटकेला डॉक्टर गाठायचा असतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०१९ साली हा आजार असलेली सुमारे ४ कोटी माणसं जगात होती. आकडा वाचल्यावर माझ्या डोळ्यांसमोर आली ती त्यांच्याबरोबरची माणसं. रात्री पाणी प्यायला उठल्यावर पलीकडच्या खोलीतला दिवा अजून चालू आहे का, हे डोकावून पाहणारी.

माझ्या पहिल्या मोठ्या हायची एक वही नवऱ्याने जपून ठेवली आहे. मी हिशेबाचं काम करते, आकड्यांत रमते. त्या दिवसांत मला वाटत होतं की माणसांच्या साऱ्या खर्चांमागचा एकच नियम मला सापडला आहे, आणि तो मी रात्रंदिवस उतरवून काढत होते. वहीच्या पहिल्या पानावर माझं नेहमीचं बारीक, सरळ अक्षर आहे, समासाला धरून. काही पानांनंतर अक्षर मोठं होत जातं, ओळी उजवीकडे वर चढतात. मग समास नाहीसा होतो. शेवटच्या पानांवर एकेका पानात तीन-चारच शब्द मावलेत आणि पेनाचं टोक कागदातून आरपार गेलंय. लिहिताना मला सगळी पानं सारखीच दिसत होती.

ती वही मला या आजाराबद्दल जे शिकवून गेली ते कुठल्याही पुस्तकातून कळलं नसतं. ज्या मनाने पारखायचं, तेच मन बिघडलेलं असतं. अंगात ताप आहे का, हे कपाळाला हात लावून कळतं. इथे हातही तितकाच तापलेला असतो. म्हणून या आजारात घरच्यांची साथ हा उपचाराचाच भाग होऊन बसतो. मला जे दिसू शकत नाही ते पाहणारी दुसरी कुणीतरी नजर लागते.

माझं निदानसुद्धा अशा दुसऱ्या नजरेमुळेच झालं. हा आजार बहुधा किशोरवयापासून पंचविशीपर्यंतच्या काळात सुरू होतो आणि माणूस डॉक्टरकडे जातो ते खाली गेल्यावर. वर असताना कोण कशाला जाईल? मला आधी नैराश्याच्या गोळ्या मिळाल्या. बायपोलरमध्ये मूड स्थिर ठेवणाऱ्या औषधाच्या जोडीशिवाय नुसत्या नैराश्याच्या गोळ्या दिल्या तर काही जण थेट वर जातात. माझं तेच झालं. वरच्या दिवसांबद्दल मला कुणी विचारलं नव्हतं, आणि त्यात सांगण्यासारखं काही आहे हे माझ्या गावीही नव्हतं. मला तर तीच खरी मी वाटत होते. पुढच्या खेपेला ताई सोबत आली. कुणी विचारायची वाट न पाहता ती म्हणाली, “डॉक्टर, ही अशी पडून राहते ना, त्याच्या आधी काही आठवडे ही झोपतच नाही. कॉलेजात असल्यापासून बघतेय मी.” डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि खुर्ची तिच्याकडे वळवली.

निदान कळल्यावर सुटल्यासारखं वाटलं, असं बरेच जण सांगतात. मला आधी वाटलं ते दुःख. माझ्या आयुष्यातले सगळ्यांत तेजाळ दिवस, ज्यांत मी हजरजबाबी होते, कुणाला भीत नव्हते, ते आजाराचे निघाले. त्यांच्यासाठी मी रडले आहे, आणि जो कुणी आज त्या वळणावर असेल त्याने खुशाल रडावं असं मला वाटतं. त्या दुःखाला वाट मिळाली नाही तर माणूस गोळ्यांवर राग काढतो. औषध सुरू झाल्यावर जग थोडं फिकं दिसतं, ही तक्रारही खोटी नसते. मूड स्थिर ठेवणाऱ्या लिथियम या औषधाने हाताला बारीक कंप सुटतो, तहान लागते, काहींचं वजन वाढतं, काहींना डोकं जड वाटतं. हे सगळं डॉक्टरांना सांगायचं असतं. डोस बदलता येतो, औषधही बदलता येतं. फक्त बरं वाटतंय म्हणून आपलं आपण थांबवायचं नसतं.

हा मोह औषधाइतकाच जुना आहे. १९४९ साली जॉन केड या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी लिथियमने उन्माद शमतो हे प्रसिद्ध केलं. रुग्णांना द्यायच्या आधी त्यांनी ते स्वतः घेऊन पाहिलं होतं. त्यांचा पहिला रुग्ण वर्षानुवर्षं उन्मादातच इस्पितळात पडून असलेला पन्नाशीतला माणूस. तो निवळला, काही महिन्यांत बाहेर पडला, जुन्या कामावर रुजूही झाला. मग त्याने गोळ्या सोडल्या आणि सुटल्यापासून सहा-सात महिन्यांत तो त्याच इस्पितळात परत आला. पुढे तो लिथियमच्याच विषबाधेने दगावला, कारण रक्तातलं लिथियम मोजून डोस बेतायची रीत तेव्हा बसलेली नव्हती. आज ती आहे. शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी रक्त देतात, पातळी साधारण ०.६ ते १.० मिलिमोल प्रति लिटरच्या दरम्यान ठेवतात, थायरॉइड आणि मूत्रपिंडं अधूनमधून तपासतात. उलट्या-जुलाब झाले, फार घाम गेला, आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी घेतली, तरी पातळी चढू शकते, म्हणून ते घरात सगळ्यांना ठाऊक असलेलं बरं. रक्त द्यायला दंड पुढे करते तेव्हा मला त्या पहिल्या माणसाची आठवण येते. माझ्या रिपोर्टवर छापलेला तो एक आकडा त्याच्या वाट्याला आला असता तर, असं वाटून जातं.

डेन्मार्कचे मोगेन्स शू यांनी १९५४ मध्ये लिथियमची शिस्तशीर चाचणी प्रसिद्ध केली आणि पुढे आयुष्यभर या एका औषधाचा पाठपुरावा केला. त्यांच्या सख्ख्या भावाला पुन्हा पुन्हा नैराश्य येत असे. लिथियमने तो सावरला. शू यांनी एका औषधात एवढा जीव का गुंतवला, हे मला कुणी समजावून सांगायला नको.

एक गोष्ट मला कधीच पटली नाही, ती म्हणजे या आजाराला देणगी म्हणणं. ‘थोर कलावंतांना असतोच,’ असं सांत्वन करणारे भेटतात. जागतिक बायपोलर दिवस व्हिन्सेंट व्हॅन गॉगच्या जन्मदिवशी, ३० मार्चला पाळतात. त्याला नेमका कोणता आजार होता याबद्दल अजून तर्कच चालतात. पण त्याच्या चित्रांकडे पाहताना माझं मन त्याच्या धाकट्या भावाकडे, थिओकडे जातं. तो वर्षानुवर्षं पैसे पाठवत राहिला, पत्रं लिहीत राहिला. व्हिन्सेंट १८९० च्या जुलैमध्ये गेला आणि सहाच महिन्यांनी थिओही गेला. थिओची विचारपूस कोण करत होतं, असं माझ्या मनात येतं. त्याबद्दल पुढे बोलते.

स्वीकार या गोष्टीची माझ्या डोक्यात आधी फार उदात्त कल्पना होती. एके दिवशी मन शांत होईल, ‘आहे ते आहे’ असं वाटेल आणि पुढचा रस्ता सरळ होईल. तसं झालं नाही. माझ्या बाबतीत स्वीकार म्हणजे एक अधिकार देणं ठरलं. मी बरी असताना, शुद्धीवर असताना, माझ्या माणसांना मी सांगितलं की तुम्हाला जे दिसेल ते मला बोलून दाखवायचा हक्क तुमचा, आणि तेव्हा मी कितीही नाही म्हणाले तरी तो हक्क तुमच्याकडेच राहील. हे सोपं नाही. स्वतःच्या मनावर दुसऱ्याचा शब्द चालू द्यायचा, यात अभिमान दुखावतो. पण तो शब्द कुणाचा, कुठे, किती चालेल हे ठरवणारी मीच होते, आणि म्हणून ते सहन झालं.

आम्ही तो हक्क कागदावर उतरवला. माझ्या कपाटाच्या दाराला आतून तो कागद चिकटवलेला आहे. माझ्या चढत्या दिवसांच्या खुणा त्यात आहेत, माझ्या आणि त्यांच्या नजरेतून. मला जाणवतं ते असं की रंग उजळ दिसतात आणि लोक हळू बोलतायत असं वाटतं. ताईने लिहिलंय, ‘फोनवर तू हॅलोसुद्धा पुरतं म्हणत नाहीस.’ नवऱ्याने लिहिलंय, ‘घरातल्या वस्तूंच्या जागा बदलायला लागतेस.’ डॉक्टरांना फोन कुणी करायचा, तेही आहे. बँकेचं कार्ड कुणाकडे द्यायचं ते आहे. रात्री माझ्याशी वाद घालायचा नाही, दिवे मंद करायचे, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवायचा आणि सकाळी बोलायचं, हेही आहे. माझ्याबद्दल लेकीसमोर कुजबुजायचं नाही, ही अट माझी.

हा कागद बरेच दिवस एकाच बाजूने लिहिलेला होता. त्याची मागची बाजू एका भांडणानंतर भरली.

नवऱ्याने मला न विचारता एका मित्राच्या कर्जाला जामीन राहायचं कबूल केलं. मी चिडले. हिशेबाचं काम करणारी बाई आणि तिच्याच घरात हा व्यवहार तिला न सांगता. कुणीही चिडलं असतं. माझा आवाज चढला. तो काही क्षण माझ्याकडे नुसता पाहत राहिला आणि मग हळूच म्हणाला, “रात्री झोप झाली होती ना तुझी?”

त्या एका वाक्याने जामिनाचा विषय बाजूला पडला. मी गप्प झाले असते तर माझं म्हणणं मीच सोडल्यासारखं झालं असतं. आणखी चिडले असते तर आजार सिद्ध. निदान झालेल्या माणसाच्या वाट्याला ही एक विचित्र कोंडी येते. त्याचा रास्त रागही लक्षण ठरतो आणि त्याचं साधं हसूही. घरातल्या घरात त्याच्या शब्दाचं वजन कमी होतं. आजारापेक्षाही हे जास्त झिजवणारं आहे, असं मी जबाबदारीने म्हणते. बरेच जण गोळ्या सोडतात त्यामागे हेसुद्धा एक कारण असावं असा माझा कयास आहे. लेबल निघालं तर आपलं म्हणणं पुन्हा ऐकलं जाईल, असं वाटतं.

माझा नवरा वाईट माणूस नाही. तो घाबरला होता. ती वही त्याने पाहिलेली होती, तिची शेवटची पानं मी लिहीत असताना तो त्याच खोलीत होता. दुसऱ्या दिवशी मी त्याला म्हटलं, “तुला दिलेला हक्क मी परत घेत नाही. पण माझा राग माझ्याकडे राहू दे.”

“मग मी ओळखू कसं?” तो म्हणाला. “मला खरंच कळत नाही गं कधीकधी.”

प्रश्न खरा होता, माझ्या सकाळच्या प्रश्नाचाच जुळा भाऊ. त्या दिवशी आम्ही दोघं बराच वेळ बोलत बसलो. शेवटी ठरलं ते असं. एका खुणेवरून कुणी निवाडा करायचा नाही, मीही नाही. झोप, बोलणं, खर्च, कामाचा झपाटा यांतल्या दोन तरी गोष्टी एकदम बदललेल्या हव्यात आणि दोन रात्री उलटल्या तरी त्या तशाच हव्यात. झोपेचा प्रश्न फक्त सकाळी विचारायचा, तोही रोज, मी कशीही असले तरी. भांडणात कधीच नाही. आणि कागदाच्या मागच्या बाजूला आम्ही जे आजार नाही ते लिहिलं. पैशांच्या व्यवहारात विचारलं नाही तर मी चिडणार. गर्दीत मी कंटाळते. सिनेमात रडते. नंतर केव्हातरी लेकीने पेन्सिलने भर घातली, ‘आई गाणी मोठ्याने म्हणते. हे नेहमीचंच आहे.’

तेव्हापासून प्रसन्न सकाळ आली की मी लगेच उलटतपासणी सुरू करत नाही. दोन रात्री थांबायचं ठरलेलं आहे, तोवर तो आनंद माझा. आणि जामीन? तो आम्ही नाकारला.

घरच्यांच्या वागण्याचा आजारावर परिणाम होतो, याला अभ्यासाचा आधार आहे. लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी स्किझोफ्रेनिया या दुसऱ्या मानसिक आजाराच्या रुग्णांबाबत पाहिलं की ज्या घरांत सतत टीका, तिटकारा किंवा जिवाला लावून घेतलेली अति काळजी असते, तिथे परतलेल्यांचा आजार जास्त उलटतो. पुढे बायपोलरमध्येही तेच आढळलं. अमेरिकेतले डेव्हिड मिक्लोविट्झ यांनी त्यावरून सगळ्या कुटुंबाला एकत्र बसवून करायची उपचारपद्धती बांधली. साधारण नऊ महिन्यांत २१ बैठका. त्यात आजाराची माहिती आहे, आणि त्याहून जास्त आहे ते एकमेकांचं ऐकून घ्यायचं आणि तंटा सोडवायचं शिक्षण. मला थबकायला लावलं ते त्या ‘अति काळजी’ने. टीका वाईट हे सगळ्यांना कळतं. माया जाचते हे बोलायची सोय नसते.

माझ्या आईची माया तशी होती. ती माझ्या पाकिटातल्या गोळ्या मोजायची. मी आंघोळीला गेले की हळूच, आवाज न करता. मला सगळं कळायचं आणि गुदमरायला व्हायचं. तिला ‘मोजू नकोस’ म्हणणं म्हणजे तिची भीती तिच्या एकटीच्या पदरात टाकणं होतं. म्हणून मी तिला काम दिलं. रविवारी संध्याकाळी आठवड्याचा सात कप्प्यांचा डबा आम्ही दोघी मिळून भरतो. गोळ्या मी काढते, कप्पे ती बंद करते. शेवटचं झाकण लागलं की टक् असा आवाज होतो आणि आई आठवडाभर विचारत नाही. तिचा शब्द ती पाळते.

बाबांचं वेगळं होतं. “मनावर घेऊ नकोस, इच्छाशक्ती लागते,” हे त्यांचं पालुपद. त्यांच्याशी वाद घालून उपयोग नव्हता. त्यांचा विश्वास नोंदींवर. डॉक्टरांनी मूड चार्ट ठेवायला सांगितला होता, रोजचा मूड उणे पाच ते अधिक पाच यांत मांडायचा, शेजारी झोपेचे तास. मी बाबांना विचारलं, “तुम्ही लिहून ठेवाल का माझ्यासाठी?” तेव्हापासून रात्री त्यांचा फोन येतो. “कितीवर?” एवढंच विचारतात. मी म्हणते, “शून्य.” “शून्य छान,” ते म्हणतात आणि लिहून घेतात. आयुष्यभर माझ्या मार्कांबद्दल हळवे असलेले बाबा आता शून्यावर खूश होतात. काही महिन्यांचे आकडे जमल्यावर ते आपणहून म्हणाले, “अगं, झोप आधी घसरते आणि आकडा मागाहून चढतो. हे काही इच्छाशक्तीचं काम दिसत नाही.”

त्यांच्या वहीने जे दाखवलं त्याच दिशेने एलन फ्रँक या मानसशास्त्रज्ञ गेल्या होत्या. बायपोलरच्या माणसाचं शरीरातलं घड्याळ फार लवकर बिघडतं, म्हणून त्यांची पद्धत रोजच्या काही वेळा सांभाळायला शिकवते: अंथरुणातून उठण्याची, दुसऱ्या माणसाशी पहिल्यांदा बोलण्याची, काम सुरू करण्याची, रात्री जेवण्याची, झोपायला जाण्याची. वाचायला किरकोळ वाटतं. पण सुट्टीच्या दिवशीही त्याच वेळेला उठायचं, रंगात आलेल्या गप्पा सोडून निघायचं, हे एकट्याने निभत नाही. कुठेही गेलो तरी ठरलेल्या वेळेला नवराच आधी उठतो आणि “निघतो आम्ही,” म्हणतो. कारण सांगत नाही, माझ्याकडे बोट दाखवत नाही. मला हे फार मोलाचं वाटतं.

लेकीच्या वेळी या शिस्तीची खरी परीक्षा होती. बायपोलर असलेल्या बाईला बाळंतपणानंतरचे पहिले काही आठवडे सगळ्यांत जोखमीचे. झोप तुटते आणि आजार उसळून येतो. आम्ही दिवस राहायच्या आधीपासून डॉक्टरांशी बोलून औषधांची आखणी केली होती. मूड स्थिर ठेवणारं व्हॅल्प्रोएटसारखं औषध गर्भाला घातक असतं, त्यामुळे ही चर्चा आधीच व्हावी लागते. बाळ झाल्यावर रात्रीचं वरचं दूध नवरा पाजायचा. मी पलीकडच्या खोलीत, दार लावून. बाळ रडतंय आणि आईने झोपून राहायचं, याबद्दल नातेवाइकांत कुजबुज झाली. ताईने एकेकाला गाठून सांगितलं, “तिची झोप हे तिचं औषध आहे.” पुन्हा कुणी विचारलं नाही.

लेक आता प्रश्न विचारण्याच्या वयाची आहे. “मला पण होईल का?” असं तिने विचारलं तेव्हा मी खरं तेच सांगितलं. आईवडिलांपैकी एकाला असेल तर मुलाला होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, पण ती साधारण दहात एक. म्हणजे न होण्याचीच कितीतरी अधिक. “आणि झालं तर?” “तर माझ्यासारखा उशीर होणार नाही. आपल्या घरात ते ओळखणारी माणसं आहेत.” तिने थोडा विचार केला आणि खेळायला गेली.

खालच्या दिवसांबद्दल मी कमी लिहिलं, खरं तर आयुष्याचा जास्त भाग तेच खातात. हायपेक्षा नैराश्यात कितीतरी जास्त काळ जातो, हे बहुतेक बायपोलर माणसांचं वास्तव आहे. त्या दिवसांत ‘ऊठ, फिरून ये, बरं वाटेल’ हे वाक्य किती दुरून ऐकू येतं ते सांगता येत नाही. एकदा अशीच मी कितीतरी दिवस केस विंचरले नव्हते. ताई आली. काही विचारलं नाही. माझ्या मागे बसली, बोटांना तेल लावलं आणि एकेक बट हातात घेऊन टोकाकडून गुंता काढायला लागली. मुळाशी ओढ बसू नये म्हणून बट वर घट्ट धरायची आणि खाली फणी फिरवायची. मधे मधे तिच्या ऑफिसातलं काहीबाही सांगायची, उत्तराची अपेक्षा न ठेवता. संध्याकाळ होईपर्यंत तिने वेणी घातली आणि गेली. मला त्याने बरं वाटलं नाही, तेव्हा कशानेच वाटत नव्हतं. पण रात्री उशीवर डोकं ठेवल्यावर मानेखाली वेणी जाणवली, आणि आज कुणीतरी आपल्यासाठी दिवस खर्च केला हे मला कळलं. खालच्या दिवसांत एवढं कळणंही पुष्कळ असतं.

आता थिओबद्दल. माझ्या घरातली माणसं दमतात. ती तसं बोलत नाहीत, कारण ‘आजारी ती, आणि दमलो आम्ही कसं म्हणायचं?’ माझं म्हणणं आहे की म्हणावं. जो कधीच दमत नाही असा माणूस आजाऱ्याला अपराधी करून सोडतो. आणि जो दमून गप्प बसतो तो एक दिवस तुटतो. नवरा आता महिन्यातून एकदा स्वतःसाठी समुपदेशकांकडे जातो. तिथे तो माझ्याबद्दल काय बोलतो ते मी विचारत नाही. तिथे त्याला माझ्याबद्दल वाईट बोलता यावं, हीच माझी इच्छा आहे. ताई आणि तो एकमेकांना फोन करतात तेव्हा पूर्वी मला संशय यायचा. आता वाटतं, बोलू देत.

दरवर्षी डॉक्टरांच्या एका भेटीनंतर आम्ही तो कपाटातला कागद काढतो, वाचतो, काही खोडतो, काही घालतो. या वर्षी बाबांचे डोळे अधू झाल्यामुळे चार्ट लेक लिहिणार आहे. फोन मात्र तेच करणार, असं त्यांनी बजावलंय. ताईच्या बदलीचं चाललंय, त्यामुळे डॉक्टरांना फोन करायच्या यादीत तिच्यानंतर आणखी एक नाव लागेल. आणि नवऱ्याने पहिल्यांदाच स्वतःसाठी एक ओळ मागितली आहे: ‘मी “आज नाही जमणार” असं म्हटलं तर त्या दिवशी ताईला बोलवायचं, आणि माझ्यावर रुसायचं नाही.’ मी त्याला म्हटलं, ती पुढच्या बाजूला लिही, सगळ्यांत वर.